भट्टीतली शेवटची मूठ

मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला जुन्या सिमेंटवर पीएचडी करते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका कारखान्याच्या भट्टीतले खडे माझ्या टेबलावर पडलेले असतात. नवरा म्हणतो, दगडाशीच लग्न करायचं होतंस. म्हणू दे. चुनखडी आणि माती भाजायची, दळायची, झालं सिमेंट. मग एकाचं पक्कं आणि शेजारच्याचं भुसभुशीत का? हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्या कारखान्याच्या मालकाची गोष्ट आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्यांना पाठ आहे. भट्टी भरली की तो स्वतः वर चढायचा आणि कसलीशी रंगीत पूड मुठीने आत टाकायचा. सगळी करामत त्या पुडीत आहे असं कामगारांना वाटायचं. मी ते खडे तपासून तपासून थकले, पुडीचा मागमूस नाही.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या. त्यांचा गोडा मसाला आमच्या सगळ्या नात्यात नावाजलेला. पण भाजून झालं की त्या पाठ फिरवून एक मूठ काहीतरी टाकतात. जाऊबाईंनी जंग जंग पछाडलं. "असतं काहीतरी," एवढंच उत्तर. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, पुन्हा येणं होईल की नाही कोण जाणे, म्हणून या खेपेला मी ठाण मांडूनच बसले.

घरात धुराचा अलार्म वाजायला नको म्हणून शेगडी बाल्कनीत मांडली होती. दगडफूल निवडता निवडता मी मालकाची गोष्ट सांगितली.

"मग खरं काय होतं त्यात?" त्यांनी विचारलं.

"जास्त भाजलेले खडे. काळे, कडक. दळायला त्रास म्हणून लोक आधी फेकूनच द्यायचे. पण तेच दळले की सिमेंट सगळ्यात पक्कं. पूड नुसती दाखवायला."

झारा थांबला. त्या हसल्या आणि मूठ उघडून माझ्यासमोर धरली. रिकामी.

"काही नसतं गं. तुम्ही खोबरं घाबरून लवकर उतरवता. करपायच्या जरा आधीपर्यंत काळपट होऊ द्यायचं."

"अहो आई, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की संपलं. मग मला कोण बोलावणार?"

अगदी साध्या आवाजात म्हणाल्या आणि पुन्हा ढवळू लागल्या. मला भरून आलं. मी दगडफूल निवडत राहिले.

यंदा मसाला मी केला, खोबरं काळपट होईस्तोवर भाजून. आमटीभाताचा पहिला घास घेऊन नवरा म्हणाला, "आईचाच आहे."

मी लगेच पुण्याला फोन लावला.

"अहो आई, बिघडला हो मसाला. तुमच्याशिवाय नाही जमत."

"खोबरं लवकर उतरवलंस ना?"

"हो ना."

"तरी सांगत होते," त्या खुशीत म्हणाल्या. "थांब, पासपोर्ट कुठे ठेवलाय बघते."