एकटीचा वाफा

वनस्पती उद्यानातल्या माळीकाकांना सगळे पाठीमागे 'वधूपिता' म्हणत. कारण एक झुडूप.

उद्यानाचा नियम असा, की एका प्रजातीला एक वाफा. शेजारच्या वाफ्यात एकाच प्रजातीच्या ढीगभर जाती मांडीला मांडी लावून बसलेल्या, आणि इथे हे झुडूप एकटंच ऐसपैस. त्याच्या प्रजातीत जातीच मुळी एक. ना सख्खं, ना चुलत, ना मावस.

"आपलं कसंय," काका येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत, "घराण्याचं नाव चालवायला ही एकटीच."

मग लाडांना काय तोटा! सकाळी झारी, दुपारी झारी, घरी निघताना वर आणखी 'घोटभर'. एवढं करून बाई फुलायचं नाव घेईनात. उद्यानाच्या नव्या अधीक्षक मॅडमनी शेवटी बजावलं, की या मोसमात फूल दिसलं नाही तर झुडूप कुंडीत आणि वाफा शेजाऱ्यांना. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. झुडपाचं मात्र वाढलं. शेवटी दोन्ही हातांत भरलेल्या झाऱ्या घेऊन धावताना त्यांची कंबर धरली आणि ते अंथरुणाला खिळले.

काकू उद्यानाच्याच तिकीटखिडकीवर बसत. तिला पाणी घालत जा, असं काकांनी त्यांना अगदी हात जोडून सांगितलं. काकू रोज संध्याकाळी "घातलं हो" म्हणत आणि भाजी चिरायला बसत. बिचारीचा चिखल जरा वाळू दे, एवढाच त्यांचा हिशोब. घातलं मात्र थेंबभरही नाही.

काका काठी टेकत परतले, तर मॅडम भिंग घेऊन वाफ्यात वाकलेल्या. पानाआड मोहरीएवढी, फिकट, लाजरी फुलं. वाफा राहू दे, म्हणाल्या.

काकांचा आनंद क्षणभरच टिकला. आपण उशाशी बसलो तेव्हा रुसली आणि पाठ फिरताच फुलली, हे त्यांना भलतंच लागलं. संध्याकाळी झारी त्यांनी काकूंच्या हातात ठेवली.

"आपलं कसंय, तुझ्या हातचं पाणी मानवलं तिला. आता रोज तूच घाल."

खरं सांगावं, तर काकांचं तोंड एवढंसं होणार. न सांगावं, तर रोज झारी. काकूंनी जरा विचार केला.

"घालीन. पण तुम्ही समोर उभे राहायचं नाही. लाजते ती."

तेव्हापासून तिकीटखिडकी बंद झाली की काकू रिकामी झारी डुलवत वाफ्याकडे जातात, आणि काका शहाण्यासारखे फाटकाबाहेर पाठ करून उभे राहतात.