दुपारी फिरणारा बोर्ड

नोकरीत पाहिलेल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणती आधीची, कोणती नंतरची, तेही सांगता येत नाही. बोर्ड फिरवल्याची केस मात्र वेगळी राहिली. तिच्यात चोरी नव्हती, दुश्मनी नव्हती, दारूही नव्हती. तरी एका माणसाचा पाय मोडला आणि दुसरा जेलच्या दारापर्यंत गेला. कोणाचा काही फायदा नसताना असं कोण करेल, हेच मला कळत नव्हतं.

मी अधिकारी नव्हते. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या पट्ट्यात एका थाण्यात महिला नगर सैनिक, म्हणजे होमगार्ड, होते. शिक्षण चौथीपर्यंत. लिखापढी मुंशीजी करत. माझं काम पहाऱ्याचं, बाजारात आणि मेळ्यात उभं राहण्याचं, आणि एखाद्या बाईची पूछताछ असली की तिच्याजवळ बसण्याचं. मला फार बोलता येत नाही. त्यामुळे समोरची बाईच बोलायला लागते. चुपचाप बसलेल्या माणसाजवळ लोकांना राहवत नाही, हे मी त्या नोकरीत पाहिलं.

तेव्हा महाराष्ट्रातून येऊन छिंदवाड्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं. चालू होतं म्हणजे कधी चालू, कधी बंद. एक बाजू खोदायची, गाड्या बाजूच्या कच्च्या रस्त्याने वळवायच्या, गिट्टी टाकायची आणि मशीन दुसरीकडे न्यायची. नवा रस्ता काळा कुळकुळीत तयार दिसायचा, पण त्याच्या तोंडाशी ड्रम उभे. पुढे एखादी पुलिया, म्हणजे छोटा पूल, राहिलेली असायची. बोरगावच्या अलीकडे कंपनीने मोठा बोर्ड लावला होता, काम दिवाळीपर्यंत पूर्ण होईल. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बोर्ड तसाच उभा, फक्त धुळीने अक्षरं पिवळी पडली होती.

माघातल्या एका दुपारी थाण्यात फोन आला. गोबीने भरलेली पिकअप पुलियाच्या खड्ड्यात पडली. आम्ही पोचलो तेव्हा ड्रायव्हरला लोकांनी बाहेर काढून झाडाखाली झोपवलं होतं. तरुण माणूस, पांढुर्ण्याकडचा. पाय गुडघ्याखाली मोडलेला. दवाखान्याच्या गाडीत ठेवताना तो एकच गोष्ट म्हणत होता, "बाण इकडंच होता जी. मी बाण पाहूनच आलो."

खड्डाभर गोबीचे गड्डे पसरले होते. पंचनामा करताना मुंशीजींनी विचारलं, "साहेब, गोबी कितनी लिखूँ?"

"गोबी मत गिनो," टीआय साहेब म्हणाले. "पहले बोर्ड देखो."

टीआय साहेब म्हणजे आमचे थाणेदार. सागरकडचे होते, हिंदीच बोलत. मराठी त्यांना समजायची, पण बोलायला लाजत. ते बोर्डाजवळ उकिडवे बसून बराच वेळ जमीन पाहत राहिले. लोखंडी पायांवरचा बाणाचा बोर्ड, पायांवर रेतीच्या बोऱ्या. बाण कच्च्या रस्त्याकडे पाहिजे होता, तो नव्या रस्त्याकडे होता. ड्रम बाजूला ठेवलेले. जमिनीवर ओढल्याचा निशाण कुठेच नव्हता. कोणीतरी सगळं उचलून, सांभाळून ठेवलं होतं. वाऱ्याचं काम नव्हे, आणि घाईचंही नव्हे.

कंपनीच्या सुपरवायझरने तिथेच झेंडीवाल्याकडे बोट दाखवलं. लाल आणि हिरवी झेंडी घेऊन दिवसभर त्या तोंडावर उभं राहायचं, एवढीच त्याची नोकरी. जवळच्या गावचा, पन्नाशीकडे झुकलेला, सडपातळ माणूस. "बोर्डाची जिम्मेदारी याची आहे," सुपरवायझर म्हणाला. "यानेच फिरवला, नाहीतर पैसे घेऊन कोणाला फिरवू दिला."

आम्ही झेंडीवाल्याला थाण्यात आणलं.

पूछताछीच्या वेळी मी दाराशी पहाऱ्यावर होते. साहेबांनी आधी प्रेमाने विचारलं, मग आवाज चढवला. त्याचं उत्तर एकच. "मी जेवाले गेलतो साहेब. आलो तं गाडी पडून होती."

"खाना कहाँ खाते हो?"

"डबा राह्यते जी."

"कहाँ बैठ के?"

यावर तो खाली पाहायचा. पुन्हा विचारलं, पुन्हा खाली. खोटं बोलणारा माणूस काहीतरी बोलतो. हा बोलतच नव्हता. साहेबांनी सांगून टाकलं, सकाळपर्यंत बोलला नाहीस तर कोर्टात हजर करीन आणि तिथून जेल. त्याने मान हलवली, जशी काही दुसऱ्याचीच गोष्ट चालली आहे.

हवालदाराचा शक जुन्या वळणावरच्या ढाबेवाल्यावर होता. कच्चा रस्ता झाल्यापासून त्याच्याकडे कोणी थांबत नव्हतं. त्याला बोलावलं. तो हसायला लागला. "साहेब, नवीन रस्ता खुला झाला तं माह्या ढाब्यासमोरून गाडी शंभरच्या स्पीडनं जाईल. मी काहून फिरवीन? मले तं कच्चाच पाह्यजे, जरा इकडंच सरकवा म्हणा."

ते खरंच होतं. त्याला सोडून दिलं.

खबर मिळाली ती त्याच संध्याकाळी एका बस कंडक्टरकडून. नागपूरच्या बसवर होता. थाण्यासमोर चहा पीत असताना आमचा हवालदार त्याच्याशी बोलत होता, तेव्हा तो सहज म्हणाला, "तो नवीन तुकडा तं दुपारी खुलाच राह्यते ना? सकाळच्या फेरीले आमाले धुळीतून जा लागते, दुपारच्या फेरीले मस्त नव्यावरून. आठवड्यापासून असंच चालू हाये. आमाले वाटलं कंपनीची टेस्टिंग होऊन राह्यली."

मग खड्डा? आठवडाभर गाड्या गेल्या आणि पडल्या नाहीत? साहेबांनी सुपरवायझरला परत बोलावलं. बऱ्याच वेळाने त्याने कबूल केलं. पुलियावर माती भरून झाली होती. वरून आलेल्या इंजिनियरने काम नापास केलं, म्हणून त्याच सकाळी ती पुन्हा खोदली. झेंडीवाल्याला सांगितलं का? नाही. खड्ड्यासमोर आडवं काही लावलं का? "लगाने वाले थे सर."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

आता एवढं कळलं होतं की बोर्ड रोज दुपारी फिरत होता आणि झेंडीवाला यायच्या आधी परत जागेवर येत होता. त्या दिवशी मधेच गाडी पडली, म्हणून तो तसाच राहिला. पण कशासाठी? दुपारपुरता रस्ता बदलून कोणाला काय मिळणार? मी पहाऱ्यावर उभी राहून तेच उलटंपालटं करत होते.

सकाळी झेंडीवाल्याची बायको आली. हातात स्टीलचा डबा. थाण्याच्या पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "बाई, एवढं देता का त्याइले? कालपासून पोटात काही नसन."

मी डबा हातात घेतला. नवा कोरा होता, झाकणाचा कागदही निघाला नव्हता. मी तिच्याजवळ बसले. काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "शेजारणीचा मांगून आणला. आमच्या घरी डबा कोठचा? ते तं तिकडंच जेवते ना बगीच्यात. मालकीण रोज बोलावते. कामाच्या बायाइसोबत बसवते, ताट वाढते. म्हणते, आपल्या कुंपणाजवळ माणूस उपाशी उभा अन् आपण जेवाचं?"

मी आत जाऊन साहेबांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, "चलो, बगीचा देख के आओ." थाण्यातली महिला पोलीस त्या दिवशी छिंदवाड्याला कोर्टाच्या पेशीवर होती, म्हणून मी आणि हवालदार निघालो. झेंडीवाल्याची बायको मागे लागली. "मी पण येतो," म्हणाली. हवालदार नको म्हणत होता, पण ती आमच्या आधी रस्त्याला लागली होती.

तो संत्र्याचा बगीचा कच्च्या रस्त्याला अगदी लागून होता. मधे फक्त काटेरी तारेचं कुंपण. झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली. आतल्या रांगांना घमघमाट होता. कुंपणाजवळच्या रांगांची फुलं मात्र मातीच्या रंगाची. एक ट्रक गेला आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, धुळीचा लोट उठून सरळ झाडांवर बसला. मी बगीचेवाल्यांच्याच भागात वाढलेली. बोर्ड कशासाठी फिरला असेल, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पण मला कळून उपयोग नव्हता, कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं.

मालकीण पन्नाशीची, उंच, बुलंद आवाजाची बाई. नवरा मंडीच्या कामाने बहुतेक बाहेर, बगीचा तीच पाहायची. आम्हाला पाहून तिने आधी सतरंजी टाकायला लावली.

"पोलीस असो का कोणी असो, जेवाच्या टायमाले आले तं जेवूनच जा लागते. वाढा वं पोरीहो!"

मी कामाचं विचारलं. ती म्हणाली, "हव, जेवते आमच्याकडं. वाढलं, खाल्लं. त्याच्यात कायद्याची कोणती धारा लागते?"

"तो जेवत असताना बोर्ड कोण फिरवतं?"

"मले काय मालूम? मी तं वाढत राह्यतो."

कामाच्या बाया एकमेकींकडे पाहत होत्या. एकीच्या डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची चुंबळ तशीच होती. ताटं आली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. हवालदार भुकेला होता, त्याने हातही धुतले.

झेंडीवाल्याच्या बायकोसमोर ताट ठेवलं. तिने ते दोन्ही हातांनी हळूच मालकिणीकडे सरकवलं.

"खा नं वं बाई," मालकीण म्हणाली.

"नाई. तुमच्या घरचं जेवले म्हणून ते मुके बसून हायेत. साहेब म्हणते, जेलात टाकतो. तरी बोलत नाई. मी पण जेवली, तं मले पण मुकं बसा लागंन. मग त्याइच्यासाठी बोलंन कोण?"

ती रागाने बोलली नाही, रडलीही नाही. डोक्यावरचा पदर नीट करून हात मांडीवर ठेवून बसली. त्या बगीच्यात कोणी ताट परत करत असेल असं मला वाटत नाही. मालकीण त्या ताटाकडे पाहत राहिली. हवालदाराने ओले हात पँटला पुसले.

"तो अजून थाण्यातच हाये?" मालकिणीने विचारलं. "मले वाटलं, विचारून सोडलं असंन."

"अजून तिथेच आहे," मी म्हणाले.

मालकीण उठली. घागरीजवळ जाऊन तोंड धुतलं आणि चपला घातल्या. एक बाई म्हणाली, "वहिनी, मालकाले तं येऊ द्या."

"मालकानं बोर्ड फिरवला का? चुप राय."

थाण्यात तिने साहेबांसमोर उभ्यानेच बयान दिलं. मुंशीजी लिहीत होते. कंपनीच्या बोर्डावर दिवाळी लिहिलं होतं, त्या भरवशावर तिने पावसाळ्यातलं फूल सोडून दिलं आणि थंडीनंतरचा आंबिया बहार धरला. झाडांचं पाणी तोडून ताण दिला, मग पाणी सोडलं, फूल आलं. रस्ता तसाच राहणार हे माहीत असतं तर तिने पावसाळ्याचा मृग बहार धरला असता, तेव्हा धूळ नसते. एकदा ताण दिला की झाड मागे फिरवता येत नाही. धुळीने झाकलेलं फूल फळ धरत नाही. दुपारी वारा बगीच्याकडे वाहतो, म्हणून दुपारपुरतं. ती झेंडीवाल्याला वाढत बसायची आणि तिच्या बाया बोऱ्या डोक्यावर उचलून बोर्ड फिरवायच्या. नवा रस्ता तयारच होता, गाड्या चांगल्या जात होत्या. सकाळी पुलिया परत खोदली, हे तिला कोण सांगणार?

"लिखा हुआ था, इसलिए मान लिया?" साहेबांनी विचारलं.

"सरकारी रस्त्यावरच्या बोर्डावर होतं साहेब. नाई मानाचं होतं का?"

साहेबांनी मुंशीजींना ते वाक्य तसंच लिहायला सांगितलं.

झेंडीवाल्याला बाहेर आणलं. मालकिणीला पाहून तो पहिल्यांदा घाबरला.

"काहून नाई सांगतलं रे भाऊ?" ती म्हणाली. "तुले मालूम होतं का?"

"एका दिवशी पाणी प्याले उठलो तं दिसलं," तो म्हणाला. "वहिनी, मले म्हटलं असतं तं मीच फिरवून देल्ला असता. बायाइले काहून ओझं उचलाले लावलं?"

मुंशीजींची लेखणी थांबली. साहेबांनी खिडकीबाहेर पाहत म्हटलं, "ये मैंने नहीं सुना. मुंशीजी, आपने सुना?"

"काय साहेब?" मुंशीजी म्हणाले.

झेंडीवाल्याला साक्षीदार करून सोडलं. केस मालकिणीवर आणि सुपरवायझरवर बनली. तिने बोर्ड फिरवला, त्याने खड्डा उघडा ठेवला. तिला थाण्यातूनच जमानत मिळाली. मी निवृत्त झाले तेव्हा केस कोर्टात चालू होती. त्या दिवशी झेंडीवाल्याची बायको त्याला घरी घेऊन गेली. पायऱ्या उतरताना तो तिला विचारत होता की कोणाचा डबा मागून आणला.

आधी मी समजायचे की माणूस चुप बसला म्हणजे स्वतःला वाचवतो. त्या केसनंतर मी तसं समजत नाही. आपल्याकडे माणूस ज्याच्या पंगतीत बसतो, त्याच्यासाठी स्वतःचं नुकसान सोसतो, आणि त्याला ते नुकसान वाटतही नाही. पूछताछीत आम्ही दुश्मन शोधतो. कधी कधी मैत्र शोधावं लागतं.

दुसरीही गोष्ट शिकले, ती जास्त अवघड आहे. मालकीण चांगली, झेंडीवाला चांगला, त्याची बायको तर फारच चांगली. तिघांपैकी एकाच्याही मनात वाईट नव्हतं. बयान घ्यायला आम्ही ड्रायव्हरकडे दवाखान्यात गेलो. साहेबांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, बहार, ताण, वारा, धूळ. त्याचा पाय वजनाला बांधून वर टांगलेला होता. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "हे सगळं बरोबर हाये साहेब. पण मी तं फक्त बाण पाहून आलो."