आपल्याच दुकानातला सर्व्हर

माणसाचे शब्द स्वतःच्या छपराखाली असले की ते कुणी हिरावून घेऊ शकत नाही, असं माझं ठाम मत होतं. त्या छपराखाली आई राहते, हे मी धरलं नव्हतं.

वडिलांच्या घशाचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर होतं. नंतर आवाज राहणार नव्हता. कडा गावातल्या आमच्या किराणा दुकानाच्या आठवणी ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. ऊसतोडीला निघालेल्या घरांना पाच महिन्यांचं तिखट-मीठ बांधून देताना कोण रडलं, कोण फुशारकी मारत होतं, असं सगळं. फुकटच्या साइटवर ब्लॉग काढू म्हटलं, तर म्हणाले, "लोकाच्या वट्यावर कशापायी मांडायचं? आपल्या दुकानात ठेव की."

म्हणून ब्लॉगसाठी जुन्या कॉम्प्युटरचाच सर्व्हर केला आणि दुकानातल्या फळीवर ठेवला. तापतो म्हणून एका बाजूचा पत्रा काढून टाकला. सगळ्या मजकुराची दुसरी प्रत त्याच डब्यातल्या दुसऱ्या डिस्कवर होती. याला मी बॅकअप म्हणत असे.

खंडेनवमीला मी वडिलांजवळ दवाखान्यात होतो. आईनं तराजू, मापं, कात्री धुऊन पूजेला मांडली. डबाही उतरवला. आतली धूळ ओल्या फडक्यानं पुसली, हळद-कुंकू वाहिलं आणि परत फळीवर ठेवून बटण दाबलं.

"रातंदिस राबतंय ते," फोनवर कौतुकानं म्हणाली. "एक दिस न्हाऊ घातलं."

बीडच्या दुरुस्तीवाल्यानं दोन्ही डिस्क उलटसुलट करून पाहिल्या. "लई भक्ती झाली, साहेब. यातून काई निघत न्हाई."

वडिलांना सांगितलं. ते आता पाटीवर लिहून बोलत. त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, 'तिला सांगू नको.' पुन्हा सांगता का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पाटीवर एक ओळ मावायची.

ते माघात गेले.

आई विचारत राहिली, म्हणून नव्या डिस्क टाकून ब्लॉग पुन्हा उभा केला. हिरवा दिवा लागला. ती रोज त्याला उदबत्ती ओवाळते.

"समदं हाय ना रं त्यांचं यात?"

"हाय."

त्यात एकच मजकूर आहे. तो सॉफ्टवेअरसोबत आपोआप येतो: 'ही तुमची पहिली पोस्ट आहे. ती बदला किंवा काढून टाका.'