दहा लाख तीन

कापसाच्या तेजीत अमरावतीच्या शाळेतले दोन मास्तर दलालांकडे निघून गेले. माझे यजमान गणित शिकवत, ते राहिले. पण त्याच उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं, दिसेनासं झालं आणि शाळा सुटली ती सुटलीच.

डोळे होते तोवर त्यांनी एक काम हाती घेतलं होतं. दहा लाख तीन ही संख्या कशानं भागली जाते का, ते पाहायचं. कशानंच भाग गेला नाही, तर ती मूळ संख्या; आणि ती तशीच निघेल अशी त्यांना आशा होती. हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, असं त्यांनी मला समजावलं होतं. दोन्ही अवयव हजारावर असते, तर गुणाकार याहून मोठा झाला असता. तीनशेपर्यंत ते पोचले होते. पुढचे भागाकार मी करू लागले. अंक मला त्यांनीच शिकवले होते, सासूबाईंच्या चोरून.

३७३ ने भागलं आणि बाकी शून्य आली.

"भाग गेला," मी म्हटलं.

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाले, "जाऊ दे. पाटी ठेवून दे."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. कारण विचारायला सासूबाई आत आल्या, तेव्हा पाटी माझ्या मांडीवरच होती.

"हे करून राहिली तू? बाईच्या जातीनं पाटी धरली, म्हणूनच माह्या लेकाचे डोये गेले!"

"आई, तिचा काही दोष नाही," यजमान म्हणाले. पण तिसऱ्या दिवशी मला अकोल्याला माहेरी धाडलं.

खरंच माझ्यामुळं गेले असतील का डोळे? हा विचार पाठ सोडीना. तो टाळायला म्हणून मी ओसरीवर कोळशानं गुणाकार मांडला. त्या दिवशी आलेला भागाकार २६८१, गुणिले ३७३. दहा लाख तेरा आले. तीन नव्हे, तेरा! मग सगळा भागाकार पुन्हा केला. ३०२० तून २९८४ गेले की छत्तीस उरतात. मी सदतीस लिहिले होते.

मला रडूच आलं. त्या माणसाजवळ उरलेली एकच गोष्ट मी चुकून मोडली होती.

"मले अमरावतीले नेऊन द्या," मी वडिलांना म्हटलं.

"बोलावणं आलं नाही, बाई."

तरी ते निघाले. कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. वाटेत तीन मुक्काम पडले.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काहून आली?"

"माझी वजाबाकी चुकली होती. त्यांले सांगाले आली."

आतून यजमानांचा आवाज आला, "बाकी किती?"

"तीनशे त्रेसष्ट."

ते मनातल्या मनात भागाकार करत असावेत. ओठ हलताना दिसले. मग म्हणाले, "आई, येऊ दे तिले. आता ३७९ नं भाग."

दिवाळीपर्यंत आम्ही ९९७ ला, हजाराच्या आतल्या शेवटच्या मूळ संख्येला, पोचलो. बाकी बारा. दहा लाख तीन ही मूळ संख्याच होती. यजमानांनी माझा हात धरून ठेवला. डोळे परत आले नाहीत. सासूबाईंनी तो बोल कधी मागे घेतला नाही, आणि तो खोटाच होता असं मलाही छातीठोक म्हणता आलं नाही.