गादीच्या दुकानातला पैलवान

"व्हई जाई, भाऊ," असं म्हणत तो स्वतःच्या मांडीवर एक थाप मारायचा. आखाड्यात शड्डू ठोकतात तशी जोरात नव्हे, हलकीच. तरी माझ्या स्टुडिओचं काचेचं दार थरथरायचं. लाइट गेली, व्हई जाई, म्हणजे होऊन जाईल. बस चुकली, व्हई जाई. एकाच चुकीने तीन वेळा हरला, तरी व्हई जाई. ते ऐकून कधी धीर यायचा, तर कधी त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटायची. ठेवून देण्याची हिंमत अर्थातच माझ्यात नव्हती.

धुळ्यात माझा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा आहे. शेजारी त्याच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान. पिंजाऱ्याचं घराणं, मूळचं दोंडाईचाकडच्या एका खेड्यातलं, त्यामुळे घरात सगळे अहिराणी बोलणारे. वडिलांना आम्ही चाचा म्हणायचो आणि त्याला पैलवान. त्याचं नाव सांगत नाही. बाजारात त्याला नावाने कोणी हाक मारलेली मीही ऐकली नव्हती.

सकाळी तो वडिलांबरोबर कापूस पिंजायचा, दुपारी दाभणाने गाद्यांना टाके घालायचा आणि संध्याकाळी दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सराव करायचा. तिथे त्याने जुन्या गाद्या एकमेकींना शिवून, वरून रेक्झिन ताणून मैदान केलं होतं. "असं मैदान मुंबईलेबी नही," असं तो सांगायचा. मुंबईचं मैदान त्याने कधी पाहिलं नव्हतं, हा भाग वेगळा.

आधी तो कुस्ती खेळायचा. जत्रांमधून नारळ-फेटे मिळवले, नाव झालं. मग कुठेतरी मोबाइलवर त्याला जाळीच्या पिंजऱ्यातली ती मारामारी दिसली. ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं एकत्र. मिक्स्ड मार्शल आर्ट्स. चाचा त्याला 'जाळीनी कुस्ती' म्हणायचे. पैलवानाच्या डोक्यात ती जी बसली ती बसलीच. त्याला प्रो, म्हणजे पैसे घेऊन लढणारा, व्हायचं होतं. एकच प्रो फाइट, भाऊ, मग काय व्हई ते व्हई.

प्रो म्हणजे काय, ते मला त्याच्यामुळे कळलं. आधी हौशी खेळाडू म्हणून लढायचं. नडगीला पॅड, हातात जाड ग्लोव्हज, जाण्या-येण्याचा खर्च आपला. त्यातलं जिंकणं-हरणं नोंदलं जातं, पण ती नोंद वेगळी. मग एखाद्या मोठ्या स्पर्धेत जोड्या लावणारा माणूस असतो, त्याच्या नजरेत भरायचं. त्याला व्हिडिओ पाठवायचा, वजन सांगायचं आणि फोनची वाट बघत बसायचं. मी म्हटलं, "अरे, हे तर लग्न जुळवण्यासारखंच आहे. बायोडाटा, फोटो, नि पुढे स्थळाकडून उत्तर नाही." तो एवढा हसला की चाचा बघायला आले.

तर तो व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलं.

सात लढतींचं शूटिंग त्याने आणून दिलं. पुण्यातलं, जळगावातलं, बहुतेक कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं. चार जिंकलेल्या, तीन हरलेल्या. मी आयुष्यभर नवरीच्या रडण्यातले बरे बरे तुकडे निवडत आलोय. एकच गोष्ट वीस वेळा बघायची मला सवय आहे. तिसऱ्या-चौथ्यांदा बघताना माझ्या लक्षात आलं की तिन्ही वेळा तो हुबेहूब एकसारखा हरला होता. समोरचा त्याला खाली पाडायचा. पाठ जमिनीला लागणार असं दिसलं की तो क्षणात पालथा व्हायचा. मग समोरचा पाठीवर चढायचा, मागून गळ्याला हात घालून आवळायचा. पैलवान जमीन थोपटायचा. थोपटलं की सुटका, आणि हार.

मी त्याला खुर्चीत बसवून तिन्ही तुकडे ओळीने दाखवले.

"पाठ लागली तर या खेळात हरत नाही ना?"

"नही."

"मग फिरतोस कशाला?"

त्याने स्वतःच माउस घेऊन शेवटचा तुकडा पुन्हा लावला. मग म्हणाला, "मी नही फिरस, भाऊ. आंग फिरी जास."

खरंच होतं ते. सहाव्या वर्षापासून मातीत होता. पाठ टेकली की वस्ताद ओल्या पंच्याचा फटका द्यायचे. वीस वर्षं ज्याला एकच गोष्ट शिकवली, त्याचं अंग दुसरं काय करणार? आमच्याकडचे जे जे मातीतून त्या जाळीत गेले, ते सगळे पहिल्यांदा असेच हरले असं जळगावचा एक ज्युदो शिकवणारा सांगायचा. पैलवान रविवारी त्याच्याकडे जायचा. धुळ्यात हा खेळ शिकवणारं कोणी नव्हतं. बाकीचे सहा दिवस मोबाइल, आणि मग मी.

हो, मी. शहाणपणा मलाच सुचला. म्हटलं, तू रोज गादीवर उताणा पड, मी तुझ्या छातीवर बसतो. माझं वजन पाऊण क्विंटलच्या वर आहे. दुसऱ्या कशाला नाही तरी ते एवढ्याला उपयोगी पडलं. दुपारी जेवण झालं की मी शेडमध्ये जायचो, त्याच्यावर बसायचो, आणि त्याचा खांदा जरा उचलला की ओरडायचो, "फिरू नको!" सुरुवातीला तो दर दोन मिनिटांनी फिरायचा आणि मी रेक्झिनवर जाऊन आदळायचो. चहावाला मुद्दाम कप घेऊन बघायला यायचा. चाचा दारातून डोकावून, हे कशासाठी ते न विचारताच, म्हणायचे, "मनी बठ्ठी जिंदगी लोकेस्न्या गाद्या भरामा गई. आते मना पोऱ्या गादीवर पडाले शिकी राहिना!"

दोन महिने हे चाललं. हळूहळू मला नुसतं ओरडावं लागायचं. मग ओरडायच्या आत, मी श्वास घेतला की तो थांबायचा. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! ज्या माणसाने शाळेत लंगडीसुद्धा धड खेळली नाही, तो आता पैलवान घडवत होता. उताणं राहिल्यावर पुढे काय करायचं, वरच्याला कसं हटवायचं, हे मला येत नव्हतं. त्याला अर्धंमुर्धं येत होतं. जळगावचा माणूस म्हणायचा, शिकवतो, घाई करू नका.

घाई आम्ही केली नाही. फोन आला.

व्हिडिओत मी फक्त जिंकलेलं ठेवलं होतं, तीन मिनिटांत बसवलेलं, शेवटी त्याचा हात उंचावलेला. तो बघून इंदूरहून विचारणा झाली. एका स्पर्धेतल्या खेळाडूचा गुडघा दुखावला होता. आठ दिवसांत याल का? वजन सहा किलो कमी लागेल. प्रो फाइट, कागदावर सही.

तुम्हाला वाटेल, नाही म्हणायला हवं होतं. पण या खेळात नव्या माणसाला दार उघडतं ते असंच, दुसऱ्याच्या दुखापतीने आणि आठ दिवस आधी. नाही म्हटलं की पुन्हा फोन येत नाही, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. त्याने मांडीवर थाप मारली आणि हो म्हटलं. रक्ताच्या तपासण्या, डोळे, डोक्याचा स्कॅन, सगळं दोन दिवसांत करून आणलं. सगळं चांगलं निघालं. मग मीठ बंद, पाणी कमी, आणि भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये नव्या रजईत गुंडाळून बसायचं. चाचा बाहेरून विचारायचे, "जित्ता शे ना?" आतून थाप ऐकू यायची.

जळगावच्या माणसाच्या घरी लग्न होतं, त्याला येता येईना. त्या लग्नाचं शूटिंग माझ्याकडे होतं. ते मी मदतनिसाच्या गळ्यात टाकलं आणि पैलवानाबरोबर इंदूरच्या बसमध्ये बसलो. त्याचा कोपरा सांभाळायला, म्हणजे जाळीबाहेर उभं राहून सांगायला, मी एकटा. कॅमेरा मी जाळीजवळ स्टँडवर लावून ठेवला.

वजन बरोबर भरलं. पहिली फेरी त्याची होती. त्याने समोरच्याला उचलून असा आपटला की माझ्या तोंडून शिट्टी निघाली. दुसऱ्या फेरीत तो दमला. त्या सहा किलोंनी त्याच्यातलं काहीतरी नेलं होतं. समोरच्याने पाय अडकवून त्याला पाडलं आणि छातीवर मांड ठोकली.

त्याचा डावा खांदा उचलला गेला. मला दिसला.

मी ओरडलो, "फिरू नको!"

तो थांबला. उताणाच राहिला. वरून ठोसे यायला लागले. त्याने हात तोंडापुढे धरले, मग ते बाजूला झाले. मी ओरडतच होतो. पंच मध्ये पडले तोवर बरेच बसले होते.

तिथल्या डॉक्टरांनी बॅटरीने डोळे पाहिले, नाव-गाव विचारलं, डोकं दुखलं तर लगेच दवाखाना गाठायला सांगितलं. परतीच्या बसमध्ये त्याचा चेहरा सुजला होता, पण तो खुशीत होता. "हारनू ते हारनू, भाऊ. पण प्रो व्हई गऊ ना?" मी म्हटलं, झालास बाबा. डोकं दुखतंय का म्हणून सेंधव्याला विचारलं, शिरपूरला विचारलं. थोडंसं शे, व्हई जाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टुडिओत आला. लढतीचा व्हिडिओ बघायचा म्हणाला. मी अजून कार्ड उतरवलं नव्हतं, म्हटलं संध्याकाळी ये. तो दाराशी थांबला आणि म्हणाला, "आंग फिरी राहिंतं, भाऊ. पण तुमना आवाज उना, मी दाबी ठेवं." असं सांगताना त्याचा चेहरा, शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. हरल्याचं त्याला काही नव्हतंच. इतक्या वर्षांची खोड मोडली याचंच कौतुक त्याला होतं.

त्याच दुपारी तो कापसाच्या ढिगाशेजारी कोसळला. डोक्यात रक्त साचलं होतं. नाशिकला ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी तो गेला.

लढतीचा व्हिडिओ मी त्यानंतर पाहिला. वीस वेळा बघायची सवय वाईट. एक गोष्ट पहिल्याच वेळी कळली, पुढच्या एकोणीस वेळा ती बदलली नाही. तो फिरला असता तर समोरच्याने गळा आवळला असता. पैलवानाने जमीन थोपटली असती, नेहमीसारखा हरला असता आणि बसमध्ये माझ्याशेजारी झोपून घरी आला असता. त्याच्या अंगाला ते माहीत होतं. मला नव्हतं. कॅमेरा जाळीजवळ होता, म्हणून हॉलमधल्या सगळ्या गोंगाटात माझाच आवाज सगळ्यात स्पष्ट आला आहे. अकरा वेळा. मी मोजलं आहे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही चाचांना ओळखत नाही.

त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर चाचा स्टुडिओत आले. भुवयांत कापसाचे तंतू तसेच. त्यांनी मुलाची एकही जाळीतली लढत कधी पाहिली नव्हती. बघवत नाही म्हणायचे. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "दखाड."

नाही कसं म्हणणार? मी फाइल उघडली आणि आवाज बंद केला.

"याले आवाज नही का?"

"नाही, चाचा. नीट आला नाही."

पहिल्या फेरीत पैलवानाने त्याला उचलून आपटलं तेव्हा चाचांनी मान डोलावली. माझ्या हातावर हात ठेवला. "तू संगे व्हता. बरं व्हयनं. पोऱ्या एकला नव्हता." मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण हात त्यांच्या हाताखाली होता.

मग दुसरी फेरी. तो पडला. खांदा उचलला, परत टेकला. चाचा पडद्याजवळ वाकले. शेवटपर्यंत पाहिलं, आणि तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं.

"पहिले मातीमा ते लगेच फिरी जाये ना तो," ते म्हणाले. "या बारीले फिरना का बरं नही?"

"माहीत नाही, चाचा," मी म्हणालो.