चोरीचा गवती चहा

शेजारचे भाऊजी चादरीच्या कारखान्यात मागावर होते. दिवसभर खडखडाटात राहून ते घरीही ओरडूनच बोलायचे. अंगणातल्या गवती चहाशी मात्र हळू. थंडी पडली की रोज संध्याकाळी त्याच्यावर चादर घालायचे. बायको कुरकुरायची, "पाहुण्यांना जुनी, अन् गवताला नवी!"

एकदा मी त्यातलं रोप मागितलं. भाऊजी दचकलेच. "वहिनी, मागून नेलेलं रोप लागत न्हाय. चोरून न्या की!"

रविवारी सकाळी त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकवलं, "मी जरा चौकात चाललोय!" गवती चहाशेजारी खुरपं ठेवलेलं होतं, मातीही ओली केलेली. मी घाईघाईनं ठोंब उपटू लागले, तेवढ्यात चौकात गेलेले भाऊजी दाराआडून ओरडले, "मुळासकट वहिनी, मुळासकट!"

पुढच्या थंडीत एका संध्याकाळी मी आमच्या अंगणात आले, तर माझ्या रोपावर नवीकोरी चादर. कुंपणापलीकडं त्यांच्या गवतावर जुनी. मी काही बोलायच्या आत भाऊजींचा आवाज आला, "चोरी करावी तर पुरी करावी की वहिनी! पांघरूण हितंच राहिलं हुतं!"