कारध्याचा पूल आणि पाच वाजताची काळजी

समुपदेशकाच्या नोकरीत किस्से फार साचतात आणि ते कुठे सांगता येत नाहीत. भंडारा एवढंसं शहर. इथे एखाद्याला शिंक आली, तर त्याच्या सासुरवाडीला आधी कळतं. म्हणून मी नावं बदलते. फक्त एका बाईंनी बजावलं होतं, "मॅडम, माहं नाव खरंच टाका, मी काय चोरी केली?" त्यांचंही बदललं आहे. नियम म्हणजे नियम!

*

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा निम्मा स्टाफ तिकडे गेला, निम्मी कपाटंही गेली. पुढे मी सरकारी दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा उरलेल्यातली एक खोली मला मिळाली. दारावर पाटी होती, 'मानसोपचार'. त्या पाटीखालच्या बाकावर बसायला कोणी तयार नसे. सगळे शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या बाकावर बसत आणि कोणी बघत नाही असं पाहून सटकन माझ्याकडे शिरत.

काही महिन्यांनी डॉक्टर स्वतः आले. म्हणाले, "मॅडम, माझ्या बाकावर रोज एवढी गर्दी अन् आत बोलावलं तर कोणाचाच दात दुखत नाही. हे काय चालू आहे?"

*

आमच्याकडे एकटा माणूस येत नाही. एकदा हातमागावर रेशमी कापड विणणारा एक तरुण आला, सोबत काका. मी विचारलं, झोप कशी आहे? काका म्हणाले, बिलकुल नाही. भूक? काका म्हणाले, अर्धी पोळी. शेवटी मी काकांना बाहेर बसायला सांगितलं, तर ते बसल्या जागेवरून हलेनात.

"मी कायले बाहेर जाऊ? आमी दोघं एकाच खोलीत झोपतो. हा रातभर कूस बदलते, मले सारं माहीत आहे."

मी विचारलं, तुम्हाला रात्रभर कसं काय माहीत असतं? त्या दिवशी मी दोन केसपेपर काढले. पुतण्या लवकर बरा झाला, काकांना वेळ लागला.

*

दर गुरुवारी मी कारध्याला जात असे. वैनगंगेच्या पलीकडचं गाव, पूल ओलांडला की आलंच. तिथे देवकाबाई भेटल्या. घरी धानाची शेती, हाडापेराने मजबूत, बोलायला खणखणीत. पण वर्षभर त्यांनी पूल ओलांडला नव्हता. एकदा बस पुलावर अडकली असताना त्यांची छाती धडधडली, हातपाय गार पडले, श्वास कोंडला. दवाखान्यात सगळ्या तपासण्या नीट निघाल्या. भगताने नदीला नारळ द्यायला लावला, तोही दिला. पण पूल दिसला की पाय लटपटायचे.

आणि आता लेक माधुरी पोटुशी होती. ती भंडाऱ्यात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा रिवाज. पण तिचा बीपी वाढलेला, डॉक्टरांनी शहराबाहेर हलवू नका म्हणून सांगितलेलं. म्हणजे लेक इकडे येणार नाही आणि आईला तिकडे जाता येत नाही. देवकाबाईंना दुसरं काही नको होतं. लेक बाळंत होताना तिच्यापाशी असायचं होतं.

"डॉक्टर म्हणते छाती चांगली आहे," त्या म्हणाल्या. "मंग मी मरून काहून राहिली होती?"

मी म्हटलं, घरातलं कुत्रं कधी उगाच भुंकतं ना, चोर नसताना? शरीराचं तसंच होतं. भुंकणं खरं असतं, चोर नसतो.

"मंग कुत्र्याले काय करू?"

काही नाही, म्हटलं. भुंकू द्या. थकेल.

*

त्यांच्या डोक्यात दिवसभर काळजी चालायची. आमच्याकडे याला एक साधा उपाय आहे. काळजीला वेळ ठरवून द्यायची. संध्याकाळी पाच ते साडेपाच, एका जागी बसून मनसोक्त काळजी करायची. बाकी वेळी आली, तर तिला सांगायचं, पाचला ये.

पुढच्या गुरुवारी त्यांचे यजमान तक्रार घेऊन आले. पाचला चहा मिळत नाही! चौकशी केली तर कळलं, देवकाबाई ओट्यावर काळजीला बसतात हे पाहून शेजारीण बसायला लागली, मग तिची जाऊ, मग अख्खी गल्ली. प्रत्येकीने आपापली काळजी करायची, मधे बोलायचं नाही, असा नियमही बायांनीच केला. एक म्हातारी म्हणे दहा मिनिटांत उठायला लागली आणि म्हणाली, "माही तं सरली. कोणाची उरली असन तं द्या थोडीशी."

ही पद्धत मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. पण गल्लीत झोप सुधारली, हे खरं.

*

मग पूल. मी सांगितलं, रोज थोडं पुढे जायचं. भीती वाटली की तिथेच थांबायचं, पळायचं नाही. ती चढते, मग उतरते. उतरल्याशिवाय मागे फिरायचं नाही.

देवकाबाईंनी शब्दशः ऐकलं. पुलावर थोडं आत जाऊन, कठडा घट्ट धरून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. आता नदीच्या पुलावर बाई अशी उभी दिसल्यावर लोक काय समजणार? दिघोरीकडच्या दोघांनी मोटारसायकल टाकून त्यांना दोन्ही दंडांना धरलं आणि समजावत घरी आणून सोडलं. घरी रडारड. यजमान माझ्यावर भडकले, आणि त्यांचं चूक नव्हतं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

पण त्यामुळे गोष्ट सगळीकडे पसरली. पुढे त्या पुलावर उभ्या दिसल्या की बसचा कंडक्टर खिडकीतून डोकं काढून विचारायचा, "बाई, उतरली का भीती?"

त्या डोळे न उघडता सांगायच्या, "आहे अजून थोडीशी. तुमी व्हा समोर."

पण अर्ध्या पुलाच्या पुढे मात्र त्या कधी गेल्या नाहीत.

*

माधुरीला कळा सुरू झाल्या त्या ठरल्या तारखेच्या बऱ्याच आधी, भर दुपारी. कारध्याला फोन गेला. यजमान बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात होते. देवकाबाई कोणाची वाट न पाहता निघाल्या, पायी. अर्ध्या पुलावर नेहमीच्या जागी थांबल्या. बस आली, थांबली, त्या चढेनात. म्हणाल्या, बसलं तं उतरता येत नाही, मी चालतच येतो. मग ड्रायव्हरने बस त्यांच्या चालीने चालवली आणि मागे ट्रकांची रांग कारध्यापर्यंत लागली, असं कंडक्टरने मला नंतर सांगितलं.

मला बोलावणं आलं ते प्रसूती वॉर्डातून. सिस्टर म्हणाल्या, पेशंटची आई आली आहे, पण तीच थरथरते आहे, तुमची केस दिसते, घेऊन जा.

मी गेले. देवकाबाई घामाने निथळत होत्या, ओठ पांढरे पडलेले. मी बाहेर चला म्हणाले, तर त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. खाटेवर माधुरी लोखंडी दांडी धरून ओरडत होती, आई, मी मरून राहिली वं.

देवकाबाईंनी तिचा हात धरला.

"नाई मरत," त्या म्हणाल्या. "वाटते तसं. मी पूलभर मरत आली. अन् पाह्य, तुह्यापाशी उभी आहे."